खांब नसतानाची सही

सर,

आपलं मैदान जायच्या बेतात आहे आणि त्याला मी कारणीभूत आहे. हे आधीच लिहून टाकते. आडवळणानं बोलायला लागलं की तुम्ही हातातली रेषा आखायच्या फक्कीची पाटी खाली ठेवायचात आणि म्हणायचात, "मुद्द्यावर ये, ऊन वाढतंय." तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं मला कधी वाटलं नाही. तुमचा फोटो मंडळाच्या कपाटाला आतल्या बाजूनं चिकटवलेला आहे. कपाट उघडलं की तुम्ही दिसता, लावलं की दिसत नाही, आणि मला ते सोयीचंच होतं. आज मात्र दुपारची रजा टाकून घरी आले, हातपाय धुतले आणि थेट वही घेऊन बसले. तुम्ही शिकवलेल्यांपैकी खो-खो मंडळाची चिटणीस म्हणून उरले ती मी. तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे, दर रविवारी गावातल्या पोरींना पळवते, आणि गेल्या श्रावणात मी एका कागदावर सही केली. त्या सहीबद्दल हे पत्र आहे.

ते मैदान मिळालं तेव्हा मी पाचवीत होते, म्हणून मला सगळं नीट आठवतं. शाळेच्या खालच्या अंगाला मुरमाड पट्टा, बाभळी आणि कुसळं. त्या पट्ट्याचे थोरले मालक बैल घेऊन चालले होते आणि तुम्ही आम्हाला शाळेच्या पायरीवर, हो, पायरीवर, खो द्यायला शिकवत होतात, कारण शाळेला अंगणच नव्हतं. मालक थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, पोरी पडल्या तर दात पडत्याल की. खाली माझ्या पट्टीत खेळा. म्या काय तिथं सोनं पेरणार हाय का?" बस्स, एवढंच बोलणं. त्या रविवारी आम्ही बाभळी तोडल्या. पुढचे दोन महिने सरावाआधी सगळ्यांनी एका रांगेत बसून, बसल्या बसल्या पुढे सरकत खडे वेचायचे, आणि खड्यांची पाटी भरल्याशिवाय पळायचं नाही. तळ्यातला गाळ आणून टाकला, वर मुरूम, पाणी मारून रोलर फिरवला. मग सुताराकडून दोन खांब आले. ते रोवायच्या वेळी तुम्ही मालकांना बोलावलंत आणि पहिला घाव त्यांना घालायला लावलात. दसऱ्याचा दिवस होता.

पुढं तोच रिवाज झाला. मृग लागायच्या आधी खांब उपटायचे, कारण पावसाळ्यात बुडखा कुजतो आणि मैदानालाही, तुमच्या भाषेत, "अंग टाकायला चार महिने पायजेत." खांब तुमच्या पडवीत आडवे पडायचे, त्यांना जवसाचं तेल लागायचं. खंडेनवमीला दुसऱ्यांच्या घरी विळे-कोयते पुजले जायचे, आपल्याकडे खांब. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि दुसऱ्या दिवशी मिरवत नेऊन मैदानात. थोरले मालक फेटा बांधून यायचे, घण उचलायचे, एक घाव घालायचे आणि म्हणायचे, "खेळा आता." आपल्या मंडळाचा करार तो एवढाच. दर वर्षी नवा व्हायचा आणि त्याची नक्कल कुठंच नव्हती.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं मला. जिल्ह्याच्या सामन्याला चार दिवस होते आणि बारा पोरींना गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या हव्या होत्या. परकर-पोलक्यात पळून आम्ही तालुक्यापर्यंत पोचलो होतो, पुढं कुणी उभं केलं नसतं. गावात तेव्हा त्यावरून काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही. काकूंनी शिवणयंत्र स्वयंपाकघराच्या दारात ओढलं होतं कारण घरात उजेड तेवढ्याच जागी पडायचा, आणि त्यांचा पाय सकाळपासून थांबलेला नव्हता म्हणून चुलीपुढं तुम्ही बसला होतात. मी माप द्यायला आलेली, दाराशी उभी. तुम्ही भाकरी थापताय आणि ती एका बाजूनं फाटतेय. मला हसू आवरत नाही. तुम्ही मान वर न करता म्हणता, "हस, हस. फाटकी तुलाच वाढणार आहे." काकू दातात दोरा धरून म्हणतात, "सात पिढ्या तुळजापुरात देवीपुढं नैवेद्य ठेवणारे हात, आणि भाकरी बघ गं, परंड्याच्या किल्ल्यावानी, एक बुरूज हाय, एक न्हाय." ती फाटकी भाकरी मी खाल्ली, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, आणि निघताना काकूंनी निळ्या कापडाची ती चड्डी माझ्या हातात ठेवली. बाराही जणींच्या झाल्या, पण पहिली माझी. घरी जाईपर्यंत मी ती दोनदा पिशवीतून काढून बघितली.

आता रागाचं लिहिते. मी तुमच्यावर रागावलेली आहे, सर. खेळाडूंच्या राखीव जागेतून मला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या महिन्यात मी एक मुद्रांक विकत घेऊन तुमच्याकडे आले होते. कचेरीत बसून महिनाभरात मला एवढं कळलं होतं की जमिनीच्या बाबतीत माणूस मेला की त्याचा शब्द सरणावर जातो आणि कागद तेवढा मागं राहतो. मी मसुदा लिहूनही आणला होता. मालक वापराला जागा देत आहेत, मोबदला वर्षाला एक नारळ. तुम्ही तो वाचलात, घडी घातलीत आणि माझ्या हातात परत दिलात. "ज्या माणसानं न मागता जागा दिली, त्याच्या दारात कागद घेऊन उभी राहणार तू? तुमच्या शब्दावर भरवसा नाही, सही करा, असं म्हणणार?" मी म्हटलं, "सर, उद्या त्यांचा मुलगा..." तुम्ही मला पुरतं बोलू दिलं नाहीत. "मुलगा माझ्या हाताखाली शिकलाय." शिकला होता हे खरं, आठवीत तर दोनदा शिकला. आणि मग तुम्ही ते म्हणालात, जे मी आजतागायत विसरलेले नाही. "खुर्चीत बसून चार दिवस झाले नाहीत तर कागद कागद करायला लागलीस. मैदानावर असं नव्हतं तुझं." मी रडत घरी गेले. तुम्हाला ते कळलं नसावं, किंवा कळलं असेल तरी तुम्ही काही बोलला नाहीत. तो मुद्रांक तसाच वाया गेला.

तुमच्या त्या मानीपणाची किंमत पोरी भरतात, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. आता खो-खो मॅटवर खेळतात, सर. बूट घालून. राज्याच्या सामन्यांत मातीचं मैदान बघायला मिळत नाही. आपल्या पोरी अनवाणी मातीत वाढलेल्या. मॅटवर पहिल्यांदा उतरल्या तेव्हा खांबाजवळ वळताना अशा घसरल्या की बघणारे हसले. एकीनं सूर मारला तर कोपराची सालटी निघाली. मॅटसाठी अनुदान मिळतं, पण अर्जाला जागेचा कागद जोडावा लागतो. मी तीनदा अर्ज केला, तीनदा "जागेचा पुरावा जोडावा" असा शेरा घेऊन तो परत आला. वर्गणी मागायला गेलं की लोक दहीहंडीला देतात, गणपतीला देतात, पोरींच्या खो-खोला म्हणतात, "बघू की, कारखान्याची साखर निघू द्या." गाडीभाडं निम्मं माझ्या पगारातून जातं. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. तो पगार मला त्याच मातीनं दिलाय, हे मला ठाऊक आहे. पण पंधरा वर्षं झाली. माझ्या घरच्या लग्नांना, बारशांना मी उशिरा पोचले ती रविवारचा सराव उरकून. माझा मुलगा एकदा शाळेच्या निबंधात लिहून आला की माझ्या आईला सुट्टी नसते.

थोरले मालक दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या दसऱ्याला त्यांना घण उचलेना, म्हणून मी हात लावला तर म्हणाले, "सोड पोरी, एवढं मला करू दे." त्यांच्यानंतर पुढच्या दसऱ्याला धाकटे मालक, म्हणजे तोच त्यांचा मुलगा, स्वतः आले नाहीत, ड्रायव्हरच्या हाती नारळ पाठवला. घाव मीच घातला. तेव्हाच समजायला हवं होतं. गावाबाहेरचा रस्ता रुंद झालाय आणि आपला मुरमाड पट्टा आता रस्त्यालगतची जागा आहे. तिथं त्यांना मंगल कार्यालय बांधायचं आहे. वाईट माणूस नाही तो, सर. गोड बोलतो, वाकून नमस्कार करतो, तुमचं नाव निघालं की कानाला हात लावतो.

गेल्या श्रावणात ते कचेरीत माझ्या टेबलापाशी आले. बसले, घरच्यांची विचारपूस केली. मग म्हणाले, "ताई, पोरी सामन्याला कवा जायल्यात?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात, पैशाचं जमलं तर. "जमलं तर कशाला? गाडी आणि बारा पोरींचे बूट, आपल्याकडून." चेक लिहून आणलेलाच होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्याच्याशेजारी एक कागद. "आणि ही नुसती पाहणी हाय जागेची. दोन पंच लागत्यात. एक सही तुमची द्या. तुमचा खेळ कोण बंद करायलंय?" पंचनामा होता. त्यात लिहिलं होतं की सदर जागा मोकळी असून कोणाच्याही वहिवाटीत नाही, जागेवर खांब, कुंपण अथवा बांधकाम नाही. खाली एक पंच म्हणून त्यांचे पाहुणे, आणि दुसऱ्या जागी माझं नाव आधीच टाइप केलेलं, नावापुढं कंसात मंडळाची चिटणीस. बघा, माझी सही त्यांना का हवी होती. मंडळच म्हणतंय की जागा आमच्या वापरात नाही, म्हटल्यावर पुढं विचारायला कोण येतं?

मी तो कागद वाचला. दोनदा वाचला. मी अशी बाई आहे की दुसऱ्याच्या अर्जात तारीख चुकली तर फाइल परत पाठवते. खांब त्या दिवशी खरंच जागेवर नव्हते, माझ्या पडवीत होते. कुंपण कधीच नव्हतं. प्रत्येक वाक्य, एक सोडून, त्या दिवसापुरतं खरं होतं. आणि वहिवाट नाही हे वाक्य खोटं आहे हे मला जितकं माहीत होतं तितकं त्या तालुक्यात कुणालाच माहीत नसेल. तुम्हीच घातलेली रीत, की पावसाळ्यात मैदान मोकळं सोडायचं. त्या चार महिन्यांत बाहेरच्या माणसाला ते पडीक रानच दिसतं. त्यांनी मुद्दाम तेच महिने निवडले, आणि मी सही केली. चेक पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवला. बूट आले. पांढरे, लाल पट्ट्याचे. पोरी सामन्याला गेल्या आणि पहिल्यांदाच दुसऱ्या फेरीपर्यंत पोचल्या.

मग दसरा. आदल्या दिवशी आम्ही खांब पुजले. सकाळी आठ पोरी, एकेका खांबाला चौघी, खांद्यावर घेऊन निघाल्या, माळा लोंबतायत, आणि मी मागं घण घेऊन. वळण घेतलं तर समोर तारेचं कुंपण. पाटी लावलेली, खाजगी जागा, प्रवेश नाही. आत एक म्हातारा राखणदार, आपल्याच गावचा. तो उठून उभा राहिला, पण जवळ येईना. "ताई, मला कुणाला सोडू नका म्हणलंय. म्या तरी काय करू?" पोरींना काहीच कळेना. खांब खाली ठेवावेत तर पुजलेले, धरून उभं राहावं तर जड. तेवढ्यात मालकांचा माणूस गाडीवरून आला आणि त्यानं पंचनाम्याची झेरॉक्स पुढं केली. आमची कर्णधार, दहावीतली, बाप ढोकीच्या कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो, ती मोठ्यानं वाचायला लागली. वाचता वाचता शेवटाला आली आणि थांबली. "ताई, ही सही तुमची हाय?"

"हो गं. न वाचता केली."

एवढं पटकन तोंडातून गेलं की मलाच नवल वाटलं. विचार करायला वेळ लागलाच नाही. कर्णधाराची आई मागं पदर खोचून उभी होती. ती म्हणाली, "जाऊ द्या. ताई साध्या हायेत. फसवलं त्यानला." आणि सगळ्यांनी ते लगेच मानलं. एक पोरगी येऊन माझा हात धरून उभी राहिली. सर, शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. त्या साध्या म्हणण्यानं मला रात्रंदिवस पोखरलं. कचेरीतल्या कुठल्याही माणसाला विचारा, मी साधी आहे का ते.

आम्ही हरकत घेतली. मंगल कार्यालयाच्या परवानगीचा अर्ज तहसीलदार साहेबांपुढं होता, त्यावर सुनावणी लागली. परंड्याचे एक वकील फी न घेता उभे राहिले. त्यांची मुलगी आपल्याकडे खेळून गेलीय. साहेबांनी पंचनामा उघडला आणि मला विचारलं, "तुम्ही कचेरीत आहात ना? आणि न वाचता सही?" मागं कुणीतरी हसलं. मी मान खाली घालून हो म्हटलं. बाहेर चहाच्या टपरीवर वकील म्हणाले, "ताई, न वाचता सही केली म्हणणारे मला दिवसाला दोन भेटतात. त्यानं काही होत नसतं. खांब दर वर्षी काढायची रीत आहे, मैदान वापरात आहे हे मला माहीत होतं, आणि त्याच दिवशी चेक घेऊन मी चुकीच्या कागदावर सही केली, असं कुणी लिहून दिलं तर तो पंचनामा पडतो. मैदान तुमच्या नावावर होणार नाही. पण परवानगी अडेल, आणि अडली की समोरचा बोलायला बसेल." चेकची तारीख त्यांनी मंडळाच्या पासबुकात बघितली असावी. मग चहा संपवून म्हणाले, "तुमच्या नोकरीचं मात्र तुम्ही बघा. सरकारी माणसानं खोट्या पंचनाम्यावर जाणून सही केली म्हणजे चौकशी लागणार." मला समजत होतंच. मी घरी सांगितलं नाही. मुलाच्या पुढच्या शिक्षणाचं कर्ज माझ्या पगारावर आहे.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी होती. त्या तीन रविवारी पोरी कारखान्याच्या वाटेवरच्या एका खळ्यावर पळाल्या. उसाच्या गाड्या जाताना धुरळा उडायचा, सगळ्या थांबायच्या, डोळे पुसायच्या, परत बसायच्या. खांब रोवायला परवानगी नव्हती म्हणून खांबाच्या जागी एकेक पोरगी उभी करायचो. कर्णधाराचा गुडघा खड्यावर फुटला. तिनं माती लावली आणि परत रांगेत बसली, पाठ सरळ, मान तिरकी, खो ऐकायला तयार. मी ते बघत उभी होते आणि मला कुठंतरी पळून जावंसं वाटत होतं.

परवा शनिवारी दुपारी ती माझ्या घरी आली, खांबांना तेल लावायला. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाली, उन्हानं तडकतील. पडवीत बसून फडक्यानं तेल चोळत होती आणि मी समोर शेंगा फोडत होते. मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय. तो कागद मी वाचून सही केली होती."

तिचा हात थांबला नाही. "वाचून?"

"हो. दोनदा."

"मंग त्या दिवशी सगळ्यांम्होरं..."

"खोटं बोलले."

ती खांब उलटा करून दुसऱ्या बाजूला तेल चोळायला लागली. मग म्हणाली, "आमच्या बुटासाठी केलंत का?" सर, तिनं मला वाट काढून दिली होती, आणि हो म्हणून मी त्या वाटेनं निघून गेले असते. "थोडं त्यासाठीही," एवढंच म्हटलं.

"ते बूट म्या आता घालत न्हाय, असं म्हणलं तर तुमाला बरं वाटंल," ती म्हणाली. "पर म्या घालणार. मला खेळायचंय." मग फडकं बाटलीवर ठेवून तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "आमाला सांगून काय उपेग, ताई? तिथं सांगा की." आणि उठून चप्पल घालून गेली. चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

काल घरी सांगितलं. नवरा उठून गाडी पुसायला लागला. बऱ्याच वेळानं आत येऊन एवढंच म्हणाला, "लिहिताना तरी कुणाला विचारून लिही." आज सकाळी मी दोन पानांचं लिहून दिलं. रीत काय होती, खांब कुठं होते, मला काय माहीत होतं, चेक कधी घेतला, सगळं. साहेबांनी ते माझ्यासमोर वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, "याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?" मी म्हटलं, कळतोय. धाकटे मालक शेजारच्या बाकावर होते. ते चिडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांना नुसतं आश्चर्य वाटलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "ताई, म्या तुमचं काय वाकडं केलं होतं वो?" आणि खरंच, माझं त्यांनी काहीच वाकडं केलं नव्हतं. परवानगी पुढच्या तारखेपर्यंत थांबवली आहे. कुंपण तसंच आहे. बारा वाजेपर्यंत माझ्या टेबलावर लिफाफा आला होता, दोन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. नोकरी राहील, न राहील. मैदान राहील, न राहील. दोन्ही जाईल असंही होऊ शकतं. मला भीती वाटते, सर. हे अक्षर बघून तुम्ही पुन्हा लिहायला लावलं असतंत.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तुमच्या घराला कुलूप आहे, काकूही गेल्या, आणि तुमच्या मुलाला यातलं काही सांगावं असा आमचा घरोबा उरलेला नाही. लिहून झालं की पानं फाडीन. पण एक गोष्ट आहे जी मी त्या दोन पानांत लिहिली नाही, पोरीला सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. साहेबांना वाटलं चेकसाठी, पोरीला वाटलं बुटांसाठी, आणि मीही तसंच वाटू दिलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. त्या दिवशी मी सही केली, पेनाला टोपण लावलं, आणि मला एकदम हलकं वाटलं. फार बरं वाटलं, सर. मनात आलं, चला, संपलं एकदाचं. आता रविवार माझा.